सहावी सूना

गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या दारीं कुत्र्याचें एक पिलूं मेलें. चांदूर बाजारासारख्या तालुक्याच्या गांवीं भर पावसाळ्यांत एक पिलूं मरणें ही कोणी मुद्दाम सांगावी अशी गोष्ट नव्हे. मग तिच्यावर चार पानें लिहिणें तर दूरच. मलाहि त्या वेळीं तसेंच वाटलें होतें. परंतु त्या मरणाबरोबर एक प्रश्न माझ्या उंबऱ्याशीं येऊन बसला, आणि हाकललेल्या कुत्र्याप्रमाणें तो चार पावलें जाऊन पुनः परत येऊं लागला. त्याला एकदां घरांत घेऊन नीट न्याहाळावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

तें पिलूं आमचें नव्हतें. समोर अर्धवट राहिलेल्या बांधकामाच्या विटांच्या ढिगाआड गल्लींतली कुत्री व्याली होती. पांचांतलीं दोन गाडीखालीं गेलीं, दोन कोणीं उचलून नेलीं, आणि उरलेलें एक आमच्या पायरीवर येऊन निजूं लागलें. माझी आई त्याला दुधांत कुस्करलेली भाकरी घाली. नात त्याला नांव ठेवण्यासाठीं हट्ट धरून बसली होती, परंतु माझ्या पत्नीनें तिला निक्षून सांगितलें, "नांव ठेवलें कीं तें घरचें होतें." ह्या वाक्यांत केवढें नीतिशास्त्र सांठविलेलें आहे हें मला तेव्हां कळलें नाहीं. आम्हांला त्याचा लळा हवा होता, त्याची जबाबदारी नको होती; आणि एका नांवाच्या अभावीं तीं दोन्हीं निराळीं ठेवतां येतात, अशी आम्हीं आपली सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

एके दिवशीं त्यानें भाकरीकडे पाठ फिरविली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवशीं रक्ताचे जुलाब. तिसऱ्या दिवशीं मी त्याला पशुवैद्यांकडे घेऊन गेलों. त्यांनीं पाहतांच 'पार्वो' म्हणून सांगितलें आणि विचारलें, "मास्तर, लस टोचली होती का?" मी उत्तर दिलें, "छे, हें गल्लींतलें आहे." तें उत्तर खरें होतें, आणि तरीहि तें उच्चारतांना मला कोठें तरी ओशाळल्यासारखें झालें. त्यांनीं सलाईन लावलें. त्यांनीं आपल्याकडून कांहींच कमी केलें नाहीं. पहांटे पिलूं गेलें. बाहेर पाऊस धरून राहिला होता. अंगणांत खड्डा खणण्याचा मला कंटाळा आला. बागेंत कामाला येणाऱ्या गड्याला मीं सांगितलें कीं, खताच्या रिकाम्या पोत्यांत घालून नाल्याकडे टाकून ये. माझा उतरलेला चेहरा पाहून तो म्हणाला, "जाऊ द्या ना जी, मास्तर. कुत्र्याचं एवढं कायले मनावर घेता?" मींहि मनावर घेतलें नाहीं.

कार्तिकांत एका रात्रीं जाग आली तेव्हां संत्र्याच्या बागांपलीकडून, नाल्याच्या दिशेनें, कोल्हेकुई ऐकूं येत होती. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलों आहें. तो ऐकला म्हणजे थंडी आली असें आम्हांला वाटतें. त्या रात्रीं मात्र मी अंथरुणांत उठून बसलों. मधल्या महिन्यांत ह्या रोगाविषयीं मीं थोडेंबहुत वाचलें होतें, आणि पार्वोचा विषाणु ओल्या, सावलीच्या मातींत महिनोन्‌महिने, कधीं वर्षभरहि, टिकून राहतो हें त्यांत होतें. साबणानें तो मरत नाहीं, आणि कोल्हा हा कुत्र्याचाच चुलतभाऊ आहे. मीं नाल्याकडे काय पाठविलें होतें, हें मला त्या क्षणीं प्रथम समजलें.

ह्या विषाणूचा इतिहास मोठा विलक्षण आहे, आणि तो जाणल्यावांचून पुढचा प्रश्न नीट मांडतां यावयाचा नाहीं. १९७८ च्या सुमारापर्यंत पशुवैद्यांच्या ग्रंथांत कुत्र्यांच्या ह्या रोगाचें नांवहि नव्हतें. मांजरांना होणारा तसा एक रोग मात्र पूर्वींपासून ठाऊक होता. त्या मांजरांच्या विषाणूंतून, किंवा त्याच्या अगदीं जवळच्या एखाद्या वन्य भाईबंदांतून, कुत्र्यांचा हा विषाणु निपजला असें शास्त्रज्ञ मानतात. त्याचा सगळा संसार जेमतेम पांच हजार अक्षरांचा. आमच्या गांवाहून फार दूर नसलेल्या रिद्धपूरच्या परिसरांत महानुभावांनीं शतकानुशतकें पोथ्यांच्या नकला केल्या. नक्कल उतरवितांना लेखनिकाच्या हातून कोठें मात्रा सुटावी, कोठें वेलांटी बदलावी, तसेंच ह्या विषाणूच्या नकलांतहि होतें. बहुतेक चुकांनीं पोथी बिघडते. क्वचित् एखाद्या चुकीनें मात्र नवाच अर्थ निघतो. आपल्या शरीरांतील पेशींना लोहाची गरज असते, आणि तें आंत घेण्यासाठीं पेशींच्या अंगावर एक प्रकारचें दार असतें. मांजराच्या दाराची किल्ली ह्या विषाणूपाशीं होतीच; बोटांवर मोजण्याइतकीं अक्षरें बदलतांच तीच किल्ली कुत्र्याच्या दाराला लागली. ज्या पेशी झपाट्यानें वाढतात त्यांना लोह अधिक लागतें व विषाणूलाहि तशाच पेशी मानवतात. म्हणून लहान पिलाच्या आंतड्याचें अस्तर आणि हाडांतील मगज हीं प्रथम त्याच्या तावडींत सांपडतात. त्या पिलाचें रक्त कां गेलें, हें मला असें चार महिन्यांनीं कळलें.

एकदां दार उघडल्यावर दोन वर्षांच्या आंत हा विषाणु सगळ्या जगभर पसरला; ऐंशीच्या दशकाच्या आरंभीं मद्रासकडे त्याची नोंद झाली. ह्यांतली आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाहीं पण दुसरा शब्द सुचत नाहीं, अशी कीं, कुत्र्याच्या दाराला बसलेली ती नवी किल्ली प्रथम मांजराच्या दाराला लागेनाशी झाली होती. पुढें १९७९-८० च्या सुमारास आणखी कांहीं अक्षरें बदललीं आणि तीं दोन्हीं दारें उघडूं लागलीं. मूळचा प्रकार मागें पडून नाहींसा झाला व हा नवा सर्वत्र नांदूं लागला. ज्या घरांतून तो बाहेर पडला त्याच घरांत तो पुनः शिरला, पण आतां कुत्र्याच्या अंगणांतून.

आतां ह्यांत दोष कोणाचा? विषाणूला तर कोणीच दोषी म्हणणार नाहीं. त्याला इच्छा नाहीं, भूक नाहीं, वैर नाहीं. तो जिवंत आहे कीं नाहीं ह्याविषयींच पंडितांत एकमत नाहीं. कुत्र्यालाहि दोष देतां येत नाहीं; तो स्वतःच मरतो. मग ज्या कृत्याला कर्ताच सांपडत नाहीं तें कृत्य नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतें तरी कसें? अंगावर वीज पडून माणूस दगावला तर आपण हळहळतों, परंतु पाप झालें असें म्हणत नाहीं. हेंहि तसेंच मानावें काय?

तसें मानण्याकडे माझें मन पुष्कळ झुकलें होतें. तें मागें ओढलें गीरच्या हकीकतीनें. २०१८ च्या सप्टेंबरांत गीरच्या पूर्व भागांतील दलखाणिया रेंजमध्यें सिंह मरूं लागले. तीन आठवड्यांत तेवीस गेले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्थेकडे आले, आणि तेथें त्यांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर ह्या रोगाचा विषाणु आढळला. आशियांतील वनराजाचें उरलेलें सारें कुल त्या एका प्रदेशांत, आणि त्याच्या दारीं हा गांवकुसावरचा रोग! अमेरिकेहून लशीच्या तीनशें मात्रा तांतडीनें मागविण्यांत आल्या. सगळे सिंह एकाच रानांत ठेवणें धोक्याचें आहे म्हणून त्यांतील कांहीं मध्यप्रदेशांतल्या कुनोच्या रानांत न्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१३ च्या एप्रिलांतच दिलेला होता. २०२२ सालीं कुनोंत आफ्रिकेहून आणलेले चित्ते सोडण्यांत आले. गीरच्या सिंहाचें पाऊल मात्र तेथें अद्याप उमटलेलें नाहीं. ह्या विलंबाचें राजकारण मी येथें उकलीत बसत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, विजेला कर्ता नसतो हें खरें. परंतु वीज पडते हें ठाऊक असून ज्यानें गुरें एकाच झाडाखालीं बांधून ठेविलीं, त्याला 'दैव!' म्हणून हात झटकतां येत नाहींत.

डिस्टेंपर हा पार्वोहून अगदींच निराळ्या कुळांतला. हा मातींत टिकत नाहीं, उन्हानें लौकर मरतो. श्वासांतून, लाळेंतून, जवळिकीनें जातो. ह्याचे सख्खे भाऊबंद आमच्या घरोघरच्या ओळखीचे आहेत. गुरांची बुळकांडी ही ह्याची एक बहीण आणि मुलांचा गोवर हा दुसरा भाऊ. बुळकांडीनें आमच्या पणजोबांच्या काळीं गोठेच्या गोठे ओस पाडले. तिच्यासारख्या रोगांचा अभ्यास करण्यासाठींच सरकारनें १८८९ त पुण्यास प्रयोगशाळा काढली व ती पुढें मुक्तेश्वरास नेली. २०११ सालीं बुळकांडी पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर असें भाग्य दुसऱ्या कोणत्याहि रोगाच्या बाबतींत मनुष्याला लाभलेलें नाहीं. गोवर आणि बुळकांडी ह्यांची फारकत सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं, माणसें व गुरें दाटीवाटीनें एकत्र नांदूं लागल्यावर झाली असावी, असा अलीकडचा अंदाज आहे. डिस्टेंपर तर अठराव्या शतकाच्या मध्यास दक्षिण अमेरिकेंतून युरोपांत आला. आणि युरोपीयांनीं तिकडे नेलेल्या मानवी गोवरापासूनच तो तेथील कुत्र्यांत उत्पन्न झाला असावा, असें कांहीं संशोधक म्हणतात. हें खरें असेल तर गुरांनीं माणसाला दिलें, माणसानें कुत्र्याला दिलें आणि कुत्र्यानें सिंहाला दिलें, असा हा हातोहात चालत आलेला आहेर आहे, आणि त्याच्या मध्यभागीं आपण उभे आहों.

परंतु येथें घाई करून भागणार नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या रानांत १९९४ सालीं ह्याच रोगानें सुमारें एक हजार सिंह मेले. म्हणजे तेथील तिघांतला एक. गांवकुत्र्यांपासून हा रोग गेला असें ठरलें, आणि रानाभोंवतालच्या गांवांतून कुत्र्यांना लस टोचण्याचें मोठें कार्य उभें राहिलें. पुढें मागचे हिशेब तपासतां दोन गोष्टी उजेडांत आल्या. पहिली ही कीं, तत्पूर्वीं अवर्षण पडून रानरेडे अशक्त झाले होते, त्यांच्या अंगावर गोचिडांचे थर चढले होते, आणि ते रेडे खाणाऱ्या सिंहांच्या रक्तांत गोचिडांपासून होणारा ताप आधींच भिनलेला होता. त्या तापावर डिस्टेंपरची भर पडली म्हणून सिंह मेले. एरव्हीं तोच विषाणु सिंहांत येऊन गेला आणि कोणाला पत्ताहि लागला नाहीं, असेंहि घडलेलें होतें. दुसरी ही कीं, कुत्र्यांना लस देऊन गांवांतला रोग कमी झाला, तरी सिंहांत तो येतच राहिला. कारण तोंपर्यंत त्यानें रानांतल्या इतर श्वापदांत आपलें बिऱ्हाड थाटलें होतें. रशियाच्या अति-पूर्वेस अमूर नदीच्या खोऱ्यांतील वाघांतहि हा रोग दिसला, तेव्हां सर्वांचा संशय प्रथम कुत्र्यावरच गेला. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें मात्र विषाणूंच्या वंशावळी ताडून असें दाखविलें कीं, तेथें हा रोग बहुधा रानांतल्या लहान मांसभक्षक प्राण्यांपासूनच वाघांकडे येतो. कुत्रा बव्हंशीं निर्दोष आहे, आणि वाघ वांचवावयाचे तर लस वाघांनाच टोचणें अधिक फलदायी.

न्यायाधीशाच्या खुर्चींत बसणाऱ्या प्रत्येकानें ह्या तीन हकीकती एकामागून एक वाचाव्यात. आपल्याला एक कारण हवें असतें, कारण एक कारण म्हणजे एक आरोपी. सृष्टि मात्र अवर्षण, रेडा, गोचीड, सिंह, कुत्रा आणि अदृश्य असा एक कण ह्यांची एकच मोट बांधते आणि आपल्यापुढें टाकते. त्या मोटेंतला कोणता दोर तुटला म्हणून विहिरींत पडलों, हें सांगणें अवघड असतें.

मग माझ्या पोत्याचें काय? नाल्यावरच्या कोल्ह्यांना त्यापासून कांहीं बाधा झाली असेल, किंवा मुळींच झाली नसेल. त्यांच्या अंगीं ह्या रोगाचा प्रतिकार पूर्वींच आलेला असणें अगदीं संभवनीय आहे. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजच्या माळरानावर, माळढोकासाठीं राखलेल्या त्या टापूंत, संशोधकांनीं गांवकुत्र्यांचें रक्त तपासलें तेव्हां बहुतेक प्रौढ कुत्र्यांत पार्वो आणि डिस्टेंपर हे दोन्हीं रोग येऊन गेल्याच्या खुणा सांपडल्या. आणि त्याच माळावरच्या खोकडांतहि त्या खुणा कमी-अधिक प्रमाणांत होत्या. म्हणजे ही देवघेव माझ्या पोत्याची वाट पाहत थांबलेली नव्हती. माझ्यावर कोणी फिर्याद केली तर पुराव्याअभावीं मी सुटेन. तरीहि त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, आणि ती कां आली नाहीं हाच माझा खरा प्रश्न आहे. पुरावा नसतांनाहि ऋण असूं शकतें काय?

माझे एक स्नेही आहेत. मेळघाटांत त्यांनीं पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. त्यांना मीं हें सर्व सांगितलें. ते कांहीं वेळ स्तब्ध राहिले आणि मग म्हणाले, "मास्तर, राग मानूं नका. ज्या डोंगरांत कोरकूंचीं पोरें भुकेनें खंगून गेलेलीं मीं पाहिलीं, त्या डोंगरांतल्या कोल्ह्यासाठीं आपण जागरण करतां, ही चैन आहे." ह्या आक्षेपाचा मला राग आला नाहीं, लाज वाटली. आमच्या गच्चीवरून उत्तरेस गाविलगडाची निळी रांग दिसते. तिच्यामागें १९७३-७४ पासून वाघांसाठीं राखलेलें रान आहे आणि तेथेंच तीं पोरेंहि आहेत. वाघाच्या नांवें जेवढी जगाला काळजी, तेवढी त्या पोरांच्या नांवें कधीं लागली नाहीं, हें नाकारतां येत नाहीं. माझ्यापाशीं ह्याला पुरतें उत्तर नाहीं. मात्र इतकें म्हणावेंसें वाटतें कीं, मीं तें पोतें नाल्याकडे न पाठवितां अंगणांत पुरलें असतें तर त्यामुळें कोणा कोरकू बालकाच्या तोंडचा घांस कमी झाला नसता. करुणा ही कांहीं कणगींतली ज्वारी नव्हे कीं इकडे शेर ओतला तर तिकडे शेर कमी व्हावा. बहुधा उलटच होतें. ज्या आळसानें मीं पोतें फेंकलें, त्याच आळसानें मी डोंगराकडे पाहूनहि पोरांचा विचार करीत नाहीं.

दुसरे कांहीं लोक म्हणतात कीं, एवढा विचार कशाला, मोकाट कुत्रींच नाहींशीं करावींत. हा उपाय नवा नाहीं. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईस कंपनी सरकारच्या हुकुमानें मोकाट कुत्र्यांची सरसकट हत्या चालली तेव्हां पारशी मंडळी खवळून रस्त्यांत उतरली आणि शहराचे व्यवहार बंद पडले. मुंबईंत कुत्रीं तरीहि उरलीं. कुत्रा मोकाट होतो तो आपल्या उकिरड्यावर; उकिरडा तसाच ठेवून कुत्रा मारणें म्हणजे गूळ उघडा टाकून मुंग्या चिरडीत बसणें. आतांचा कायदा अधिक दयाळु आहे. २००१ च्या नियमांनीं, आणि त्यांच्या जागीं आलेल्या २०२३ च्या नियमांनीं, कुत्र्यांची संतति रोखून त्यांना लस टोचावी व जेथून धरलें तेथेंच सोडावें, असें ठरविलें. लस कोणती? तर पिसाळण्याची. हें योग्यच आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें आपल्या देशांत अजून माणसें मरतात. परंतु पार्वोनें आणि डिस्टेंपरनें माणूस मरत नाहीं. म्हणून ते आमच्या हिशेबांत नाहींत. जो रोग कुत्र्याकडून आपल्याकडे येतो त्याचा बंदोबस्त आपण करतों; जो कुत्र्याकडून रानाकडे जातो त्याच्याकडे पाठ फिरवितों. आपल्या भूतदयेची सीमा आंखतांना आपण आपलेंच कातडें मोजून घेतलें आहे, हें ह्यावरून दिसून येतें.

आपल्या परंपरेंत कुत्र्याची बाजू घेणारी पहिली कथा म्हणजे धर्मराजाची, असें सामान्यतः समजतात. स्वर्गाच्या दारीं त्यानें कुत्र्याला टाकून जाण्याचें नाकारलें, ही ती कथा. परंतु महाभारताच्या दुसऱ्या टोकास, अगदीं आरंभीं, आणखी एक कुत्रें आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पिलूं आलें. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नव्हतें, तिकडे पाहिलेंहि नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्याला मारून पिटाळलें. पिलूं रडत आईकडे गेलें. सरमा यज्ञमंडपांत आली आणि तिनें विचारलें, माझ्या बाळाचा अपराध कोणता? कोणीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला तो असा कीं, तुमच्यावर अदृष्ट भय येईल. तुम्ही मराल, तुमचें राज्य जाईल, असें ती म्हणाली नाहीं. जें दिसत नाहीं अशा ठिकाणाहून भय येईल, एवढेंच म्हणाली. मी पुराणांत विषाणु शोधणाऱ्यांपैकीं नव्हे, आणि तसें शोधणाऱ्यांचा मला कंटाळाहि आहे. परंतु तो प्रश्न विचारला गेला व सभेंत कोणीं उत्तर दिलें नाहीं, हें वाचतांना मला पशुवैद्यांच्या टेबलाशीं उभा असलेला मी आठवतों.

माझ्या प्रश्नाला थोडाफार उजेड मिळाला तो मात्र ह्याहून साध्या जागीं. स्मृतिकार म्हणतात कीं, गृहस्थाच्या घरांत पांच सूना असतात. सूना म्हणजे वधस्थान, खाटकाची जागा. त्या कोणत्या? चूल, जातें, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ह्या पांच ठिकाणीं न दिसणारे जीव रोज मरतात. कोणी त्यांना मारीत नाहीं. स्वयंपाक करण्यांत, झाडण्यांत, पाणी भरण्यांत ते मरतात. शास्त्रकारांनीं येथें दोन सोप्या वाटा टाळल्या, हें मला महत्त्वाचें वाटतें. हें पाप नव्हेच, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. आणि म्हणून चूल पेटवूं नका, असेंहि म्हटलें नाहीं. त्यांनीं सांगितलें कीं, घर केलेंस तर हें देणें लागूं झालें, आणि तें रोज फेडावयाचें आहे. त्यासाठीं जे पांच यज्ञ सांगितले त्यांत एक भूतयज्ञ. त्यांत कुत्र्यासाठीं, कावळ्यासाठीं, किड्यामुंगीसाठीं अन्नाचा भाग भुईवर ठेवावयाचा असतो. (त्याच ओळींत कुत्र्यांच्या पंक्तीस कांहीं माणसेंहि बसविलीं आहेत. तें वाचून आजच्या माणसानें संतापावें हेंच उचित, आणि मीहि संतापतों. परंतु त्या संतापापायीं सूनेचा विचार टाकून देणें मला जमत नाहीं.) माझ्या आईला ही स्मृति ठाऊक नाहीं. ती जेवावयास बसण्यापूर्वीं एक घांस बाहेर ठेवते, कारण तिची सासू ठेवीत असे. तोच घांस खावयास तें पिलूं आमच्या पायरीवर आलें होतें.

ह्या विचारांत मला जें सांपडलें तें असें. अपराध सिद्ध व्हावा, मग ऋण लागूं व्हावें, हा कोर्टाचा क्रम आहे. घराचा क्रम तसा नाहीं. घर मांडलें, अन्न शिजविलें, उष्टें बाहेर टाकलें, त्यावर कुत्रीं जगविलीं, आणि गांव वाढत वाढत रानाच्या कडेला जाऊन भिडलें. एवढें झालें कीं ऋण लागूं होतें, मग माझ्या पोत्यानें एखादा कोल्हा मेला असो वा नसो. पूर्वीं लांडगा माणसाच्या शेकोटीशीं आला तेव्हां त्याच्याबरोबर दहा-वीस कुटुंबें होतीं आणि भोंवतीं अफाट रान होतें. आतां गणित उलटें झालें आहे. रान बेटासारखें उरलें आहे आणि त्याच्या चोहोंकडे आपलीं कुत्रीं आहेत. बिबट्या रात्रीं गांवांत उतरतो तो बहुधा त्यांच्याचसाठीं. अशा स्थितींत गल्लींतलें कुत्रें ही आपल्या घराची सहावी सूना आहे. ती दाराच्या आंत नाहीं, एवढ्यानें ती आपली नव्हे असें होत नाहीं.

एक शंका मात्र मी अजून सोडवूं शकलेलों नाहीं. लस टोचून मी एका गल्लींतलीं तीन पिलें वांचविलीं, तर तीं मोठीं होतील, त्यांचीं आणखी पिलें होतील, आणि त्यांतल्या प्रत्येकाला लस मिळणार नाहीं. दयेनें वाढविलेलें गोकुळ रोगालाहि पोसतें. अर्धवट दया ही अनेकदां निर्दयतेहून महाग पडते, असें जाणते लोक सांगतात आणि त्यांत तथ्य आहे. लस, संतति-नियमन आणि उकिरड्याची व्यवस्था हीं तिन्हीं एकत्र झालीं तरच हिशेब जुळतो. ह्यांतलें तिसरें तर एकट्या गृहस्थाच्या हातचें मुळींच नाहीं. हें सर्व मला पटतें. तरी सर्व कांहीं एकत्र होईपर्यंत कांहींच करूं नये, हें मात्र पटत नाहीं; कारण गेल्या वर्षीं कांहींच न करण्याचा प्रयोग मीं करून पाहिलेला आहे.

ह्या वर्षीं त्याच विटांच्या ढिगाआड तीच कुत्री पुनः व्याली. तीन पिलें राहिलीं. पशुवैद्य म्हणाले कीं, आईच्या दुधांतून आलेला प्रतिकार लशीलाहि विरोध करतो आणि तो केव्हां ओसरेल हें सांगतां येत नाहीं, म्हणून काहीं आठवड्यांच्या अंतरानें तीनदां टोचावें लागतें. खर्चाचा आंकडा ऐकून पत्नीनें माझ्याकडे पाहिलें, पण ती कांहीं बोलली नाहीं. नातीनें ह्या वेळीं कोणाला न विचारतां दोघांना नांवें ठेवून टाकलीं. त्या दोघांना दोन मात्रा झाल्या आहेत. तिसरीची तारीख स्वयंपाकघरांतल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाखालीं लिहिली आहे. कुत्रीच्या शस्त्रक्रियेसाठीं अमरावतीस न्यावें लागेल असें म्हणतात. त्याची चौकशी चालू आहे. तिसरें पिलूं मात्र ढिगाखालून बाहेर येत नाहीं, हात घातला तर चावावयास धांवतें. काल संध्याकाळीं आई दुधांत कुस्करलेली भाकरी घेऊन अर्धा तास तेथें दगडावर बसली होती. त्यानें नाक तेवढें बाहेर काढलें, आणि पुनः आंत घेतलें.